म्हातारं जनावर आणि लशीची सुई



पावसाळ्याच्या तोंडाशी इंदापूर तालुक्यातल्या एका वस्तीवर जनावरांना लस टोचण्यासाठी गाडी गेली होती. मी आता निवृत्त झालो आहे, पण बत्तीस वर्षांची सवय काही सुटत नाही. तरुण डॉक्टरांनी "चला की साहेब" म्हटलं आणि मीही गाडीत बसलो. वस्तीवर चार संकरित गाई, एक कालवड आणि दोन शेळ्या होत्या. शिवाय कडेला, कडुलिंबाच्या सावलीत, एक म्हातारा खिलार बैल बसला होता. शिंगांची रेखणी अजून तशीच, पण पाठीचा कणा वर आलेला आणि डोळ्यांत पाणी. गाईंना टोचून झालं. पोरगा सुई बदलून बैलाकडे निघाला, तसे घरचे आबा पुढं आले आणि त्यांनी हात आडवा धरला.

"ऱ्हाऊ द्या त्याला. आता त्याला कशापायी टोचता? अजून दोन पावसाळं काढील न काढील. गपगुमान बसलाय, बसू द्या."

पोरानं माझ्याकडे पाहिलं. आबांनीही पाहिलं. खरं सांगायचं तर मला एका शब्दात उत्तर देता येईना. "सरकारी नियम आहे" असं म्हणून सुई टोचणं सोपं होतं, आणि "बरं, राहू द्या" म्हणणं त्याहून सोपं होतं. नोकरीत असताना मी या दोन्ही गोष्टी केलेल्या आहेत आणि दोन्हींची किंमत मोजलेली आहे. तेव्हा आजचं हे भाषण म्हणजे आबांना त्या दिवशी जे सविस्तर सांगायला हवं होतं, तेच आपल्यापुढं मांडतो, असं समजा.

हा प्रश्न पूर्वी फारसा पडत नसे. बैल थकला, गाय भाकड झाली, की ती बाजाराची वाट धरी. २०१५ साली महाराष्ट्रात कायदा बदलला, गाईप्रमाणे बैलांचीही कत्तल बंद झाली, आणि थकलेलं जनावर दावणीलाच राहू लागलं. तो कायदा चांगला की वाईट, हा आजचा विषय नव्हे. पण त्यामुळं दावणीला म्हातारी जनावरं वाढली, हे कुणीही पाहू शकेल. शहरात पाहाल तर कुत्र्यांचंही तेच. बारामतीत आता बंगल्या-बंगल्यांतून बारा-तेरा वर्षांची कुत्री दिसतात. कुणाला संधिवात, कुणाचं मूत्रपिंड थकलेलं, कुणाच्या डोळ्यांत मोतीबिंदू. त्यांचे मालकही हेच विचारतात, फक्त भाषा जरा वेगळी असते: "डॉक्टर, या वयात इंजेक्शन झेपेल का हो त्याला?"

प्रथम लस करते काय, ते पाहू. आपल्याकडे तालमीचा शौक आहे, म्हणून तालमीतला दाखला देतो. पैलवान कुस्तीला उतरण्यापूर्वी वस्ताद त्याला समोरच्याचा डाव आधी करून दाखवतो. मग फडात तो डाव पडला की पैलवानाचं अंग आपोआप वळतं. लस म्हणजे रोगाचा डाव आधी दाखवणं. लस स्वतः रोगाशी लढत नाही, लढायचं असतं जनावराच्या अंगानं. आता म्हाताऱ्या पैलवानाचं काय होतं? तरुणपणी शिकलेले डाव तो विसरत नाही, नवा डाव मात्र त्याच्या अंगी लवकर मुरत नाही. जनावराचंही हेच आहे. ज्या बैलाला, ज्या कुत्र्याला वर्षानुवर्षं लस मिळत आली, त्याचं म्हातारपणीचं शरीर त्या लशीला बऱ्यापैकी ओ देतं. ज्याला आयुष्यात कधीच टोचलेलं नाही, त्याला पहिल्यांदा दहाव्या-बाराव्या वर्षी टोचलं, तर उत्तर कमी आणि उशिरा येतं. अजिबात येत नाही असं मात्र नव्हे.

यावरून एक गोष्ट लक्षात घ्या. म्हातारपण हा आजार नव्हे. मालक बहुधा या दोन्हींची गल्लत करतो. म्हातारा पण रवंथ करणारा, पाणी पिणारा, शेणानं घट्ट असा बैल लशीच्या दृष्टीनं धडधाकट आहे. उलट चार वर्षांची गाय अंगात ताप घेऊन उभी असेल, तर ती त्या दिवशी लशीला नालायक. वयाचा आकडा नव्हे, आजच्या दिवसाची प्रकृती पाहायची.

इथं मी माझी एक चूक सांगतो. फार वर्षं झाली त्याला. लशीची फेरी चालू होती, दिवस मावळायला आला होता, आणि अजून एक आळी राहिली होती. एका गोठ्यात म्हातारा बैल उभा होता. मालक म्हणाला, "जरा मंद हाय दोन दिस." मी थर्मामीटर लावला नाही. वय झालंय, मंद असणारच, असं मनाशी म्हटलं आणि टोचून पुढं गेलो. तिसऱ्या दिवशी बैल गेला. नंतर लक्षात आलं की त्याला गोचीड ताप होता. अंगावर गोचीड भरलेली होती, डोळ्यांच्या आतली कातडी पांढरी पडलेली होती. लशीनं तो मेला असं मी आजही म्हणणार नाही. तापानंच तो जायचा होता. पण आजारी अंगावर आणखी एक काम मी टाकलं, हे खरं. आणि पुढं जे झालं ते जास्त वाईट: "लशीनं बैल मारला" असं सगळ्या आळीत झालं आणि पुढच्या फेरीला त्या आळीत एकाही माणसानं दावं सोडून दिलं नाही. ती आळी परत विश्वासानं उभी राहायला तीन वर्षं लागली. थर्मामीटर लावायला दोन मिनिटं लागतात. गाई-बैलांचं अंग साधारण १०१ ते १०२ अंश फॅरनहाइटच्या आसपास असतं. १०३ च्या वर पारा गेला, तर त्या दिवशी सुई पेटीतच राहू द्यावी, आधी ताप पाहावा.

म्हणजे नुकता आलेला आजार असेल तर थांबायचं. पण काही आजार जुने असतात. तो बरा होईल म्हणून थांबायचं म्हटलं तर जन्मभर थांबावं लागेल. अशा जनावराचं काय? इथं लशीची जात विचारावी लागते.

लशी ढोबळमानानं दोन जातींच्या. एक, मेलेल्या जंतूंची. दुसरी, जिवंत पण नांगी मोडलेल्या जंतूंची. लाळ-खुरकत, घटसर्प, फऱ्या यांच्या लशी पहिल्या जातीच्या. कुत्र्याला पिसाळण्यावर देतात ती रेबीजची लसही याच जातीची. मेलेला जंतू अंगात वाढत नाही. त्यामुळं अशक्त जनावरालाही त्यापासून तो रोग होत नाही. फार तर टोचल्या जागी गाठ येते, एखादा दिवस अंग कसकसतं, गाय एक-दोन दिवस थोडं दूध कमी देते. शेळ्यांची पीपीआर, शेळ्यांच्या देवीची लस, या दुसऱ्या जातीच्या. यांतला जंतू अंगात थोडा वाढावाच लागतो, तेव्हाच प्रतिकार तयार होतो. निरोगी जनावराला त्याचं काही नाही. पण ज्याची प्रतिकारशक्तीच दाबलेली आहे, त्याच्या बाबतीत जपायला हवं. आणि ही शक्ती पुष्कळदा आपणच दाबलेली असते! सूज उतरावी, ताप पडावा, लंगडणं थांबावं म्हणून डेक्साची इंजेक्शनं आपल्याकडे सर्रास टोचली जातात. चार दिवसांपूर्वी कुणाकडून तरी डेक्सा टोचून घेतलं आणि आज लस, असं घडतं. डॉक्टर विचारणार नाहीत कदाचित, घाईत असतात. तुम्ही आपण होऊन सांगा.

२०२२ च्या पावसाळ्यात लम्पीची साथ आली तो काळ आपल्यापैकी बहुतेकांना आठवत असेल. हा रोग आपल्या देशात २०१९ साली ओडिशात प्रथम नोंदला गेला, आणि तीन वर्षांत आपल्या गोठ्यापर्यंत आला. माशा, डास, गोचीड यांच्या पायी तो फिरतो. त्या वेळी जनावरांचे बाजार बंद झाले, आणि शेळ्यांच्या देवीची लस गाई-बैलांना टोचली गेली, कारण दोन्ही रोगांचे विषाणू एकाच घराण्यातले. त्या दिवसांत दोन प्रकारचे मालक भेटत. एक म्हणायचा, गाईच्या अंगावर गाठी आल्यात, आता लवकर टोचा. त्याला सांगावं लागे की, बाबा, आता टोचून उपयोग नाही. लशीला काम करायला दोन-तीन आठवडे लागतात. घराला आग लागल्यावर विहीर खणायला घेण्यातला प्रकार. दुसरा म्हणायचा, माझी म्हातारी गाय सोडून द्या, ती कुठं बाहेर जात नाही. पण माशी थोडीच विचारते, तुझं वय काय आणि तू बाहेर जातेस का?

या "बाहेर जात नाही" या शब्दांवर जरा थांबतो, कारण बहुतेक घोळ इथंच आहे. आपल्या भागात ऊस आहे. नीरेच्या डाव्या कालव्यानं इथली जमीन बदलली, आणि उसामागून कारखाने आले: माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती. दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यातून ऊसतोड मंडळी येतात, त्यांच्या बैलगाड्या येतात. शेकडो बैल एका रस्त्यानं चालतात, एका हौदावर पाणी पितात. त्यांचा काही दोष नाही. पोटासाठीच आलेली ती मंडळी आहेत, आणि त्यांचे बैलही आपल्याकडून रोग घेऊन परत जाऊ शकतात. पण लाळ-खुरकतीचा विषाणू बैलाच्या लाळेतून, गाडीच्या चाकाला लागून, माणसाच्या पायतणाला चिकटूनसुद्धा फिरतो. तुमचा म्हातारा बैल लिंबाखाली बसून राहिला, तरी रोग त्याच्यापर्यंत चालत येतो.

आणि खुरकत म्हाताऱ्या जनावराला फार वाईट. तरुण बैल तोंडातल्या फोडांनी चार-आठ दिवस उपाशी राहतो आणि मग सावरतो. म्हाताऱ्याकडे ते आठ दिवस काढायला अंगावर मांस नसतं. खुरात जखमा झाल्या, अळ्या पडल्या, एकदा का बसला की उठवायला चार माणसं लागतात. शिवाय तो एकटा थोडाच आजारी पडतो? त्याच्या तोंडची लाळ गव्हाणीतून शेजारच्या गाभण गाईकडे जाते. खुरकतीतून उठलेली गाय पुढं उन्हात धापते, अंगावर केस वाढतात, दूध पहिल्यासारखं येत नाही. असल्या गाई आपण पाहिलेल्या आहेत. दावणीतलं एक जनावर लशीवाचून सोडणं म्हणजे चारीच्या बांधाला उंदराचं एक बीळ ठेवणं. पाणी बिळाचं वय विचारत नाही.

आपल्या पुण्याचा या कामाशी जुना संबंध आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं, म्हणून जाता जाता सांगतो. जनावरांच्या रोगांवर संशोधन करणारी देशातली मोठी संस्था आज उत्तरेत इज्जतनगरला आहे. पण तिची सुरुवात १८८९ साली पुण्यात झाली. १८९३ साली ती कुमाऊँच्या डोंगरात, मुक्तेश्वरला गेली. तेव्हा बुळकांडीनं गावच्या गावं ओस पडत. लशी टोचून टोचून ती बुळकांडी २०११ साली साऱ्या जगातून हद्दपार झाल्याचं जाहीर झालं. माणसाच्या देवीनंतर पृथ्वीवरून नाहीसा झालेला हा दुसरा रोग. आजच्या पोरांना बुळकांडी हा शब्द शिवी म्हणूनच ठाऊक असतो.

आता कुत्र्यांकडे वळतो. इथं माझी दुसरी चूक.

आपल्याकडे धनगर बांधव बरेच. काटेवाडीला तुकोबांच्या पालखीभोवती मेंढ्यांचं रिंगण होतं, ते तुम्ही पाहिलं असेल. जिथं मेंढरं तिथं कुत्रं आलंच. एका वाड्यावर असंच एक कुत्रं होतं, दात झिजलेले, कानानं बहिरं, बरगड्या मोजून घ्याव्यात असं. बाकीच्या दोन तरुण कुत्र्यांना मी रेबीजची लस दिली. त्याच्याकडे पाहून मालक म्हणाला, "ह्याचं काय आता, मामा?" मला तिकडे सगळे मामाच म्हणत. मी म्हणालो, "राहू दे. किती दिवसांचा तो."

त्यानंतर काही महिन्यांनी उसाच्या फडातून एक कोल्हा वाड्यात आला. तरुण कुत्री मेंढरांबरोबर रानात होती. घरी होतं ते म्हातारं. त्यानं आपलं काम केलं, कोल्ह्याला हुसकावलं, आणि तोंडावर एक चावा घेतला. जखम लहान होती, हळद लावली, विसरून गेले. दीडेक महिन्यानं कुत्र्यानं खाणं सोडलं. जबडा लोंबू लागला, लाळ गळू लागली. घरच्या बाईंना वाटलं, घशात हाडूक अडकलंय. त्यांनी तोंडात हात घातला. मग त्यांच्या मुलानं घातला. दोघांच्या बोटांना दात लागले.

श्रोते हो, हे नीट ऐका. कुत्रं असो, गाय असो, लाळ गळतेय आणि गिळता येत नाही असं दिसलं, तर घशात काही अडकलंय असं समजून हात घालू नका. पिसाळलेलं जनावर नेहमी चावतच सुटतं असं नाही. पुष्कळदा ते असं मुकं, जबडा लोंबलेलं असतं.

त्या घरातल्या तिघांना सरकारी दवाखान्यात नेलं. जखमा साबणानं, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुतल्या, जखमेत सीरम टोचलं, लशींचा क्रम पूर्ण केला. पोटात चौदा इंजेक्शनं घेण्याचा तो जुना काळ आता गेला, दंडातच देतात. तिघेही सुखरूप आहेत. पण रोगाची लक्षणं एकदा दिसली, की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. म्हणून ते तीन-चार आठवडे त्या घरात कुणी नीट जेवलं नाही, आणि मीही नाही. माझा हिशेब चुकला होता. मी कुत्र्याचे दिवस मोजत होतो. मोजायला हवी होती घरातली माणसं.

तेव्हापासून रेबीजचा हिशेब मी वेगळा मांडतो. कुत्रं तिसऱ्या महिन्यापासून पुढं, डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे दुसरी मात्रा आणि मग दरवर्षी. आणि हे म्हातारपणीही चालू. ज्याचा आजार जुना आहे पण काबूत आहे, खातंय-पितंय, त्यालाही सामान्यतः देतात. ताप असेल, उलट्या होत असतील, तर ते थांबेपर्यंत पुढं ढकलावी. इंदापूरकडे कडबनवाडीसारखी गवताळ रानं आहेत, तिथं लांडगे आहेत, चिंकारा आहेत. आपल्या कुत्र्यांचे रोग लांडग्यांना जातात आणि लांडग्या-कोल्ह्यांचे आपल्या कुत्र्यांना येतात. पिसाळण्याला कुंपण नाही.

मात्र याचा अर्थ म्हाताऱ्या कुत्र्याला दरसाल सगळ्याच लशी टोचा, असाही नव्हे. डिस्टेंपर, पार्व्हो यांच्या लशी पिल्लूपणी आणि पुढं नीट पूर्ण झाल्या असतील, तर त्यांचा प्रतिकार वर्षानुवर्षं टिकतो. जगभरच्या पशुवैद्यांच्या संघटनेचा सल्ला असा आहे, की मोठ्या कुत्र्याला या जिवंत लशी तीन वर्षांतून एकदापेक्षा जास्त देण्याचं कारण नाही. तेरा वर्षांच्या, मूत्रपिंड थकलेल्या कुत्र्याला त्या दिल्या नाहीत तर बहुधा काही बिघडत नाही. शंका असेल तर रक्त तपासून प्रतिकार शिल्लक आहे का हे पाहता येतं. उंदराच्या मुतातून येणाऱ्या लेप्टोची गोष्ट निराळी. ती लस वर्षभरच पुरते. ज्याचं कुत्रं उसाच्या सरीत, पाटाच्या कडेला हुंगत फिरतं, त्यानं ती डॉक्टरांना आवर्जून विचारावी, कारण लेप्टो मूत्रपिंडावरच बसतो आणि माणसालाही होतो. दिवसभर गादीवर झोपणाऱ्या कुत्र्याला तिची गरज कमी.

बारामतीच्या एका निवृत्त बाईंनी मला एकदा विचारलं होतं, "त्याचे आता थोडेच दिवस राहिलेत, हे मला कळतं. तरी टोचू?" कुत्र्यानं तीन दिवस अन्नाला तोंड लावलं नव्हतं. उठवत नव्हतं. मी म्हणालो, "नको, ताई. त्याच्याजवळ बसा. पोरांना त्याच्या तोंडाशी खेळू देऊ नका, एवढं पाहा." ज्याचे दिवस खरोखर भरलेत, त्याला लशीनं काही मिळत नाही. तिथं सुई मागं घेण्यात हयगय नाही.

आधी कधी लस टोचल्यावर जनावराचं तोंड सुजलं असेल, धाप लागली असेल, ते कोसळलं असेल, तर तसं पहिल्यांदा सांगा. वहीत तारीख लिहिलेली असेल तर फारच उत्तम. टोचल्यावर अर्धा तास जनावर नजरेआड करू नये. गाभण गाय आठव्या-नवव्या महिन्यात असेल, तर तिला बांधून ओढाताण करण्यापेक्षा व्याल्यानंतर टोचावी की काय, ते डॉक्टरांना विचारावं. महिनाभर आधी जंताचं औषध दिलेलं बरं. आणि प्रत्येक जनावराला वेगळी सुई आहे ना, हे पाहण्याचा तुम्हाला हक्क आहे. संकोच करू नका. कानात बारा आकडी बिल्ला असतो, त्यावर लशीची नोंद होते. म्हातारं झालं म्हणून बिल्ला काढून टाकू नका. अडीअडचणीला १९६२ हा फोन आहे.

तर त्या वस्तीवर काय झालं? मी आबांना म्हटलं, "आधी ताप बघतो, मग ठरवू." पारा १०१ वर होता. बैल पाणी प्याला होता, शेण बरं होतं, गेल्या वर्षीही त्याला खुरकतीची लस मिळालेली होती. गव्हाण गाईंचीच, हौद गाईंचाच. हे सगळं आबांना सांगितलं. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग विचारलं, "दुखंल का त्याला?"

"सुई म्हणून दुखेल. चार दिवस गाठ राहील."

आबा उठले, बैलाच्या डोक्याशी गेले आणि त्यांनी त्याचं तोंड स्वतः आपल्या छातीशी धरलं. "टोच रं पोरा," म्हणाले.

पंधरा दिवसांनी त्यांचा फोन आला. गाठ जिरली, वैरण खातोय, एवढं सांगून त्यांनी फोन ठेवला.